सुलटा नांगर

"माझो वरवंटो खंय आसा?"

पाट्यावर भिजवलेले तांदूळ तसेच पडले होते आणि मी सगळं घर पालथं घालून मागच्या पडवीत येऊन उभी राहिले होते. दिगंबर पायरीवर पाय लांब करून गळाला दोरी लावत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "समुद्रात."

"समुद्रात?"

"नांगर म्हणान नेललंय. दोरी घसरली. गुळगुळीत आसा मां तो."

"गुळगुळीत आसा मां तो!" मी त्याची नक्कल केली. "माझ्या आवशीन दिललो वरवंटो! आता वाटाप कशान काढू, तुमच्या डोक्यान?"

"डोक्यान काढ. ताय गुळगुळीतच आसा," असं म्हणून त्याने आपल्या टकलावरून हात फिरवला. मला हसू आलं. राग आला की हा असाच मला हसवायचा आणि मग त्या हसण्याचाच मला दुप्पट राग यायचा.

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं माझी आई म्हणायची. म्हणून मी सगळा संसार 'अहो' नि 'हे' करत काढला. आता कमी व्हायला काही उरलेलंच नाही, तर कशाला भ्यायचं? दिगंबर त्याचं नाव. आणि 'ते दिगंबर' वगैरे नाही. मनातल्या मनात तो मला कायम 'तो'च होता.

आधी तो ट्रॉलरवर होता. तिथे ताणलेला दोर सुटून गुडघ्यावर बसला आणि उभं राहून जाळं ओढणं कायमचं संपलं. मग टेकडीवरच्या हॉटेलात पाहुण्यांवर लक्ष ठेवायला राहिला. ते पाहुणे खाडीत एकेकट्याच्या प्लास्टिकच्या होड्या घेऊन फिरायचे, कयाक म्हणतात त्यांना. हॉटेल बंद पडलं तेव्हा मॅनेजर म्हणाला, एक घेऊन जा. दिगंबर पिवळ्याधमक रंगाची घेऊन आला. वाडीने त्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, 'केळा'. "काय रे दिगंबरा, केळा पिकला काय?" असं जो तो विचारायचा. पण त्या केळ्यात बसून मासे मारता येत होते. गुडघा दुमडावा लागत नव्हता. देवानेच धाडली म्हणत मी तिला हळदकुंकू लावलं होतं.

अडचण एकच होती. होडी इतकी हलकी की जरा वारा आला की चालली. आणि दिगंबरला जायचं होतं 'म्हशीं'कडे. खाडीच्या तोंडाशी काळे खडक आहेत. ओहोटीला त्यांच्या पाठी पाण्याबाहेर येतात, म्हणून त्यांना म्हशी म्हणतात. गोबरे, तांबोशी, चांगली मासळी त्या खडकांच्या बुडाशी. पण तिथे थांबायचं तर नांगर हवा. नांगर नसेल तर ओहोटीचं पाणी माणसाला खाडीच्या तोंडातून थेट बाहेर समुद्रात नेऊन सोडतं. वल्हं मारून परत येणं तिथे कुणाच्या बापाला जमत नाही.

वरवंट्याच्या आधी त्याने जाळ्याच्या तुकड्यात धोंडे बांधून पाहिले. मग रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून त्यात कडी बसवली. डबा खडकावरून घसरत गेला. मग मोठा डबा केला. तो टाकताना होडीच कलली. आमच्या अंगणात कसले कसले डबे नि धोंडे जमले होते. येणारे-जाणारे विचारायचे, भंगाराचं दुकान काढलंय काय?

"जड असान भागाचा नाय," तो मला समजावायचा. मी चुलीपुढे आणि तो दारात. "माझी होडी केवढी, ती बघूक व्हयी. नांगर हलको व्हयो, पण धरूक व्हयो. आणि नुसतो धरून भागाचा नाय, पमे. सांगलंय की सोडूकय व्हयो."

"मगे तुमका नांगर नको. बायल व्हयी," मी म्हटलं.

शेवटी नांगर आणला तो माझ्या वडिलांनी. आबा खाडीपलीकडे राहायचे, एकटेच. आई गेल्यावर मी त्यांना कितीदा म्हटलं, या इकडे. ते म्हणायचे, जावयाच्या घरात तांडेलाने काय करायचं, भांडी घासायची? तांडेल म्हणजे होडीचा मुख्य माणूस, आणि आबा खाडीच्या दोन्ही काठांवर नावाजलेले तांडेल होते. त्या दिवशी ते खाडी ओलांडणाऱ्या तरीतून उतरले ते खांद्यावर गोणपाटाची वळकटी घेऊन. अंगणात ती उलगडली. आत लोखंडी नांगर, खाली हुकासारखी वाकलेली चार बोटं. त्यांच्या जुन्या छोट्या होडीचाच होता, पण लोहाराकडे नेऊन त्याची बोटं बारीक करून आणली होती. वर खोबरेल चोळलं होतं.

"तुमच्या केळ्याक चलात?" त्यांनी विचारलं.

दिगंबरने नांगर एका हाताने उचलला, दुसऱ्या हातात घेतला, परत पहिल्या हातात घेतला. लहान मुलाला खेळणं मिळावं तसं त्याचं झालं. मग वाकून आबांच्या पाया पडला. गुडघ्यामुळे त्याला वाकायला किती त्रास व्हायचा ते मला ठाऊक होतं.

"ऱ्हवा आज," तो आबांना म्हणाला. "उद्या सकाळी तुमच्यासमोर पाण्यात घालतंय."

आबा राहिले. दुपारी ते विहिरीवर आंघोळीला गेले, तेवढ्यात दिगंबरने नांगराला दोरी बांधली. हॉटेलात गोव्याचा एक जण पाहुण्यांना होडी शिकवायला होता, त्याच्याकडून शिकलेली रीत. दोरी नांगराच्या वरच्या कडीला नाही बांधायची. खाली बुडाला, जिथे चारही बोटं एकत्र येतात तिथे पक्की बांधायची. मग ती दांड्यावरून वर आणायची आणि कडीला नुसत्या बारीक सुतळीने धरून ठेवायची.

"आता बघ." त्याने नांगराची बोटं धुण्याच्या दगडाच्या फटीत अडकवली आणि दोरी माझ्या हातात दिली. "ओढ."

मी ओढली. नांगर हलला नाही.

"अडाकलो मां? खडपात असोच अडाकता. आता हिसडो दे."

मी हिसडा दिला.

"ह्या काय? जेवलंस नाय? हिसडो दे, हिसडो!"

मी चिडून सगळं अंग मागे टाकलं. कडीची सुतळी फाटकन तुटली, ओढ एकदम बुडाकडून बसली, नांगर उलटा होऊन फटीतून सुटला आणि मी धुण्याच्या पाण्यात बदकन बसले. दिगंबर पोट धरून हसत होता. मीही लुगडं झटकत त्याला शिव्या घालत हसत होते.

"सुटलो काय नाय?" तो म्हणाला. "ह्या सुतळीत माझो जीव. खडपान धरल्यान तरी माका दोरी कापूची गरज नाय, नांगर गमावची गरज नाय. एक हिसडो, की घराक."

मागे आबा उभे होते. अंगावर ओला पंचा. ते हसत नव्हते.

"दोरी खंय बांधललंस?"

जावयाला ते कायम 'तुमी' म्हणायचे. 'बांधललंस' ऐकून दिगंबरही चमकला.

"बुडाक, आबा. वर नुसती सुतळी, म्हणजे..."

"सोड ती."

"आबा, ऐका तरी..."

"सोड म्हणतंय मां!"

आमच्याकडे नांगराच्या बुडाला दोरी एकाच वेळी बांधतात. समुद्रात गेलेला माणूस मिळालाच नाही, तर त्याच्या बाराव्याला घरची माणसं होडी घेऊन जातात, नांगर असा उलटा बांधून पाण्यात सोडतात आणि लगेच वर ओढून घेतात. उलटा नांगर कुठे धरत नाही. गेलेल्याचा जीवही तळाशी कुठे अडकून राहू नये, सुटावा, म्हणून तसं करायचं. माझा थोरला भाऊ वसंत असाच गेला, मिळाला नाही. त्याच्यासाठी ती गाठ आबांनी स्वतःच्या हाताने मारली होती. मी तेव्हा परकरात होते. आबा होडीतून परतले आणि कितीतरी दिवस हात मांडीखाली घेऊन बसायचे, ते मला अजून दिसतं.

दिगंबरला हे सगळं माहीत होतं. तो नरमाईने म्हणाला, "आबा, ती मेलल्या माणसाची गाठ. ही जित्या माणसाची. ह्येतूय सुटाचाच आसा."

"नांगराक तेवढा कळता?" आबा म्हणाले.

दिगंबरने नांगर दगडावर टेकवला. तो माझ्याकडे बघायला लागला. मी कुणाची बाजू घ्यायची? दिगंबरचं म्हणणं मी आत्ताच पाण्यात आपटून पटवून घेतलं होतं. आणि आबांची भीती मी लहानपणापासून बघत आले होते.

"तुमच्या पाया पडतंय, आबा," दिगंबर शेवटी म्हणाला. "तुमचो नांगर मी देव्हाऱ्यात ठेवीन. पण बांधतलंय तो असोच. माझो पाय असो. मी पाण्यात पडलंय तर परत चढाक जमाचा नाय. माका सुटाकच व्हया."

आबा पंचा पिळून आत गेले. जेवायला बसले, पण भाताची ढेप तशीच चिवडत राहिले. मी वाढायला गेले तर ताटावर हात आडवा धरला.

पहाटे मी न्हाणीच्या चुलीत जाळ घालायला उठले, तेव्हा आबा अंगणात होडीजवळ उकिडवे बसले होते.

"काय करतास, आबा?"

"काय नाय. नांगराक हात लावन नमस्कार केलंय," ते म्हणाले. उठले आणि चहा मागितला. साखर जास्त घाल म्हणाले. दिगंबर आला तर त्याच्याकडे बघून चक्क हसले. "काय जावयबापू, केळा पिकला काय?"

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. म्हटलं, चला, म्हाताऱ्याने रात्रीत मनाची समजूत घातली. दिगंबरने नांगर उचलला, कडीपाशी बोटांनी चाचपून बघितलं, सुतळी जागेवर होती. नांगर होडीत ठेवला. मी नारळ फोडला.

ओहोटी लागली तसे आम्ही तिघंही खाडीच्या तोंडाशी होतो. दिगंबर म्हशींच्या पलीकडे नांगर टाकून बसला होता, हाकेच्या अंतरावर. मी अलीकडच्या खडकांवर कालवं फोडत होते. आबा वाळूत बसून जावयाकडे बघत होते. दिगंबरने एक गोबरा वर धरून आम्हाला दाखवला. चांगला हातभर होता. मी ओरडले, "वरवंट्याचा देणा फिटूक असले धा व्हये!" त्याने गोबऱ्याचंच तोंड हलवून मला काहीतरी उत्तर दिलं. मेला!

मग पाण्याची ओढ वाढली. तो आता निघायचं बघत होता. दोरी खेचायला लागला आणि मला दिसलं, नांगर अडकलाय. त्याची दोरी होडीच्या टोकाला नव्हती. टोकापर्यंत जायचं तर गुडघा दुमडावा लागायचा, म्हणून त्याने ती बसल्या जागी कुशीलाच बांधली होती. त्यामुळे नांगराने धरलं तशी होडी ओढीला आडवी झाली आणि एका अंगाने दबली.

मला भीती वाटली नाही. मला माहीत होतं ना! आता हिसडा देईल, सुतळी तुटेल, येईल घरी.

"हिसडो द्या!" मी ओरडले.

त्याने हिसडा दिला.

तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला. "काप! दिगंबरा, दोरी काप!"

मी मागे वळून बघितलं. आबा उठून पाण्याकडे धावत होते. मला काही कळेना. नांगर कापून घरी येणाऱ्याला हा माणूस जन्मभर नामर्द म्हणत आला. आणि आज स्वतःच काप म्हणतोय? तेही आपणच दिलेला नांगर?

दिगंबरलाही नवल वाटलं असणार. त्याच्या कमरेला सुरी होती. त्याने तिला हातसुद्धा लावला नाही. हसत ओरडला, "कशाक, आबा? सुतळी आसा!"

"नाय आसा!" आबा छातीभर पाण्यात शिरले होते. "नाय आसा रे ती! काप!"

दिगंबरने दोरी हाताला गुंडाळून घेतली, जास्त जोर लावता यावा म्हणून, आणि सगळं अंग मागे टाकून परत हिसडा दिला. होडीची कड पाण्याला लागली. बाहेरून एक लाट येत होती. फार मोठी नव्हती, रोजची असते तशीच होती. ती कडेवरून आत शिरली आणि होडी उलटली. पिवळं बूड वर आलं. दिगंबर आला नाही.

मी किती ओरडले ते मला आठवत नाही. बाबल खोबरेकर, आमचा शेजारी, इंजिनाची होडी घेऊन आला तेव्हा माझा आवाज गेलेला होता. बाबलने आधी आबांना केसांना धरून पाण्यातून बाहेर ओढलं, ते गळ्याएवढ्या पाण्यात होते आणि पुढेच जात होते. मग त्याने म्हशींपाशी जाऊन दोरी कापली आणि दिगंबरला वर घेतलं. दोरी हातात रुतली होती. ती बाबलने तिथेच सोडवली, मला दिसू दिली नाही. एवढे उपकार त्याने केले.

संध्याकाळपर्यंत वाडीचं ठरून गेलं होतं. उलटा नांगर बांधला, दुसरं काय होणार? गोव्याच्या माणसाचं ऐकलं आणि बापजाद्यांची रीत सोडली. जित्याने मेलेल्याची गाठ मारली. बायका माझ्याजवळ बसून रडायच्या आणि उठताना एकमेकींना हेच सांगायच्या. तो आपल्या हाताने मेला, असं त्यांचं म्हणणं. मी ऐकत होते. मलाही कळत नव्हतं, सुतळी तुटली का नाही?

चार-पाच दिवसांनी पाणी शांत असताना बाबल जाऊन नांगर काढून घेऊन आला. त्याने तो अंगणात आणून ठेवला. चारातलं एक बोट जवळजवळ सरळ झालं होतं.

"इंजिनान खेचलंय, वैनी, तेव्हा निघालो," तो म्हणाला. "पण सुतळी बघा. तशीच आसा. उलटो बांधल्यान, नांगराक राग इलो."

तो गेल्यावर मी खाली बसले आणि सुतळी नखाने उकलायला लागले. ओल्याने फुगली होती, पण निघाली. तिच्या खाली दोरीची गाठ होती. कडीतून फिरवून आवळलेली, पक्की. म्हणजे बुडाची गाठ बुडाला होतीच, पण दोरी कडीलाही बांधलेली होती. नांगर सुलटाच होता. असला नांगर हिसड्याने मेला तरी सुटायचा नाही. आणि गाठीचं उरलेलं टोक मागे वळवून दोरीच्या पिळात खोवलेलं. तसं खोवायची एकाच माणसाला सवय होती. वसंताला आणि मला मांडीवर घेऊन त्याने ते आम्हाला शिकवलं होतं.

आबा पडवीत बसले होते. ते माझ्या बोटांकडे बघत होते.

"पमे," ते म्हणाले. "अपशकुन होतो गो. त्येका वायट वाटू नये म्हणान सुतळी वरसून बांधलंय."

वाडीत मी भांडखोर म्हणून प्रसिद्ध. बाजारात माझ्या टोपलीला कुणी उगाच हात लावत नाही. पण त्या वेळी मी नुसती सुटलेली सुतळी कनवटीला खोचली. मी नांगर उचलला आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवला. जमिनीवर ठेवताना तो केवढा हलका आहे ते मला जाणवलं.

बाराव्याच्या जेवणाला वाडी पानावर बसली होती. कुणीतरी परत तेच काढलं, उलट्या नांगराने खाल्ला त्याला. आबा पानावरून उठले. हात तसाच उष्टा.

"नांगर उलटो नव्हतो," ते म्हणाले. "त्येणी उलटो बांधललो. मी सुलटो केलंय. रात्री, त्येका न सांगता. उलटो ऱ्हवलो असतो तर तो आज जितो असतो. माझ्या हातान गेलो तो."

मग बाबल उठला, त्याने आबांना खांद्याला धरून खाली बसवलं. "आबा, मनाक लावन घेव नकात. आधी वसंत, आता ह्यो. तुमच्या डोक्यावर परिणाम झालो आसा."

"पमेक इचारा!" आबा म्हणाले. "तिना गाठ बघल्यान. पमे, सांग!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात आमटीची पळी होती. मी 'होय' म्हटलं असतं तर दिगंबरच्या नावावरचा डाग गेला असता. पण त्या एका शब्दाने आबांचाही जीव मोकळा झाला असता. त्यांना मोकळं व्हायचं होतं, ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. आणि खरं सांगते, मला त्यांना सोडायचं नव्हतं. मी पळी भांड्यात ठेवली आणि आत निघून गेले. वाडीने त्याचा अर्थ आपल्या सोयीचा लावला. बिचारीला म्हाताऱ्याची बडबड ऐकवेना.

आबा दुसऱ्या दिवशी तरीने पलीकडे गेले. मी पोचवायला गेले नाही. पावसाळा गेला. मी तरीवर कुणाकडून निरोप पाठवला नाही, त्यांचाही आला नाही. मी परत बाजारात बसायला लागले.

नव्या हंगामात बाबलनेही तसलीच एक होडी आणली, निळी. एकट्याने म्हशींकडे जायला बरी म्हणाला. त्याने तिला चार बोटांचा नांगर केला आणि दोरी कडीला बांधली. इतरांना दाखवायचा, बघा, सुलटा. दिगंबरसारखं करायचं नाही. मी येता-जाता तो नांगर बघायची आणि तशीच पुढे जायची. पण बोलणार कुठल्या तोंडाने? बाराव्याला गप्प बसलेली मीच ना!

मग एकदा दुपारी अंगणात आरडाओरड झाली. मी बाहेर आले. बाबलने आबांना दंडाला धरून आणलं होतं. दुसऱ्या हातात त्याचा नांगर. आबांच्या सदऱ्याची बाही फाटली होती, कपाळाला वाळू लागली होती. किती वाळले होते ते! मागे वाडीतली चार माणसं.

"वैनी, आवरा तुमच्या बापाशीक!" बाबल ओरडला. "तिसरे खेपेक धरलंय. पहिल्या तरीन येता आणि माझो नांगर उलटो बांधून जाता. माझ्या मरणावर टपलो हा म्हातारो! दुसरो कोण असतो तर मी हात मोडलंय असतंय."

आबा माझ्याकडे बघत नव्हते. खाली बघून पुटपुटत होते, "सोडूक व्हयो. नांगर सोडूक व्हयो."

हे वाक्य दिगंबरचं होतं. मी पुढे झाले आणि बाबलच्या हातातून नांगर घेतला. बुडाची गाठ बरोबर होती. दोरी दांड्यावरून नीट वर आणलेली होती. पण कडीला आबांनी नायलॉनचा जाड धागा घेतला होता आणि त्याचे वेढ्यावर वेढे मारले होते. आयुष्यभर न सुटणाऱ्या गाठी मारणारा माणूस. सुटणारी गाठ त्याला कुठून येणार?

"सोड त्येंका, बाबल," मी म्हटलं. "त्येणी बाराव्याक सांगितला ता सगळा खरा. गाठ मी माझ्या डोळ्यान बघलंय. नांगर सुलटो होतो, म्हणान माझो घोव गेलो."

बाबलचा हात आपोआप सुटला. मी आतून सुतळी आणली आणि पायरीवर बसले. नांगर मांडीवर घेतला, कोयत्याने तो नायलॉन कापून टाकला.

"आबा," मी म्हटलं. बारावं झाल्यापासून त्यांना मारलेली ती पहिली हाक. "ह्या जाड झाला. असला तुटाचा नाय. हयसर बसा."

ते माझ्या शेजारी बसले. मी सुतळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कडीवर धरली.

"किती येढे?" त्यांनी विचारलं.

"दोन."

त्यांनी एक वेढा मारला. दुसरा मारला. तिसऱ्यासाठी हात उचलला, माझ्याकडे बघितलं आणि थांबले.